पियानो-त्रयीतील बासवादनाचा संयम : इस्रायल क्रॉस्बीच्या संदर्भात एक आस्वादक चिकित्सा

प्रास्ताविक

जॅझ संगीताच्या समीक्षेत डबल बास या वाद्याचा इतिहास बहुधा मुक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रारंभीच्या नृत्यवृंदांत हे वाद्य मागच्या रांगेत उभे राहून केवळ मात्रा मोजत होते. पुढे वॉल्टर पेजसारख्या वादकांनी प्रत्येक मात्रेवर एक स्वर ठेवत जाणारी 'वॉकिंग बास'ची शैली दृढ केली. १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात दाखल झालेल्या जिमी ब्लँटनने या वाद्याला एकल वादनाची प्रतिष्ठा दिली आणि १९६१ मध्ये बिल एव्हान्सच्या त्रयीत स्कॉट लाफारोने त्याला पियानोशी बरोबरीने संवाद करणारे वाद्य बनविले. हा क्रम ऐतिहासिकदृष्ट्या खोटा नाही. मात्र या मांडणीतून नकळत एक मूल्यनिकष तयार होतो. जो बासवादक अधिक बोलतो, अधिक उंच स्वरांत जातो आणि साथीची चौकट मोडतो तो श्रेष्ठ. जो चौकटीत राहतो तो केवळ उपयुक्त.

हा निकष अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अहमद जमाल यांच्या त्रयीचे जानेवारी १९५८ मधील ध्वनिमुद्रण आणि त्यातील इस्रायल क्रॉस्बीचे बासवादन यांचा प्रामुख्याने विचार केला आहे. जमालच्या वादनातील ज्या 'मोकळ्या जागे'ची समीक्षकांनी सर्वाधिक प्रशंसा केली, ती जागा घडविण्यात क्रॉस्बीचा वाटा मूलभूत आहे. परंतु त्याचे श्रेय पियानोवादकाच्या खात्यात जमा झाले. हे प्रतिपादन सिद्ध करताना तुलनेसाठी लाफारो, एरोल गार्नरची त्रयी आणि जॉर्ज शिअरिंगची त्रयी यांचा मर्यादित आधार घेतला आहे.

बासचे कार्य आणि 'साथ' ही कल्पना

मराठी रसिकाच्या मनात साथीची कल्पना हिंदुस्थानी संगीतातून आलेली असते. त्यामुळे जॅझमधील बास म्हणजे काय हे सांगताना तानपुऱ्याची उपमा सहज सुचते. ही उपमा काही अंशी खरी असली तरी मुळात फसवी आहे. तानपुरा आधारस्वर स्थिर ठेवतो आणि त्या स्थिरतेवर राग उभा राहतो. बास आधार देतो, परंतु तो आधार सतत हलत असतो.

एक साधे उदाहरण घेता येईल. पियानोवर सा, ग आणि प हे तीन स्वर एकत्र वाजत आहेत असे समजू. बासने त्यांच्या खाली सा वाजविला, तर ऐकणाऱ्याला मुक्कामी पोहोचल्याची भावना होते. त्याच तीन स्वरांखाली बासने शुद्ध ध वाजविला, तर पियानोवर काहीही न बदलता संपूर्ण स्वरसंघाचा भाव पालटतो आणि त्यात एक म्लान छटा येते. पियानोवादकाने काय वाजविले याचा अर्थ बासवादक ठरवू शकतो, हे यातून स्पष्ट होते. खालचा स्वर हा वरच्या स्वरांचा अन्वयार्थ असतो.

दुसरी उपमा लेहऱ्याची. स्वतंत्र तबलावादनात सारंगी किंवा संवादिनी तीच सुरावट प्रत्येक आवर्तनात वाजवीत राहते आणि तबलावादक त्या आवर्तनाच्या आत मुक्तपणे विहार करतो. लेहरा सुस्पष्ट असेल तर वादक कितीही दूर जाऊन समेवर परत येऊ शकतो आणि श्रोत्यालाही तो कोठे आहे हे कळत राहते. क्रॉस्बीच्या बासवादनाचे एक अंग या लेहऱ्याशी नाते सांगणारे आहे, हे पुढील विवेचनात दिसेल. परंतु लेहरेदाराने मध्येच सुरावट बदलणे अपेक्षित नसते, तर बासवादकाला प्रत्येक क्षणी तीच आकृती ठेवायची की बदलायची याचा निर्णय घ्यावा लागतो. संयमाची परीक्षा या निर्णयात असते.

पर्शिंग लाउंज, जानेवारी १९५८

शिकागोच्या दक्षिण भागातील पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये जमालची त्रयी नियमित वाजवीत असे. पियानोवर जमाल, बासवर क्रॉस्बी आणि ड्रम्सवर व्हर्नेल फोर्निये. तेथे प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर झालेल्या ध्वनिमुद्रणातून आठ रचना निवडून 'बट नॉट फॉर मी' या नावाने आर्गो कंपनीने तबकडी प्रसिद्ध केली. एखाद्या जॅझ तबकडीने लोकप्रियतेच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे टिकून राहणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. या यशामुळेच काही समीक्षकांनी या संगीताला 'कॉकटेल संगीत' म्हणून हिणविले. दुसरीकडे माइल्स डेव्हिससारख्या वादकाने जमालविषयीचा आदर कधी लपविला नाही. त्याने जमालची 'न्यू रुम्बा' ही रचना १९५७ मध्ये 'माइल्स अहेड'साठी गिल एव्हान्सच्या संयोजनासह ध्वनिमुद्रित केली. त्याआधी १९५६ मध्ये डेव्हिसच्या पंचकाच्या ध्वनिमुद्रणात रेड गार्लंड, पॉल चेंबर्स आणि फिली जो जोन्स या तिघांनीच मिळून 'अहमद्ज ब्लूज' वाजविले होते.

शीर्षकरचना जॉर्ज गर्श्विनची, १९३० ची. तिचे ३२ बारांचे आवर्तन त्या काळातील प्रत्येक जॅझवादकाला तोंडपाठ होते. सर्वसामान्य त्रयीत अशा रचनेच्या प्रथम आवर्तनात बास प्रत्येक बारात दोन स्वर आणि एकल वादन सुरू होताच चार स्वर वाजवितो. क्रॉस्बी हे ठरीव वळण घेत नाही. त्याचा बास सरळ चालत नाही. तो लहान लहान वाक्यांत बोलतो, थांबतो आणि पुन्हा बोलतो. जमाल पियानोच्या वरच्या पट्टीत मूळ सुरावटीचा एखादाच तुकडा ठेवून हात उचलतो, तेव्हा त्या विरामात बासचे वाक्य ऐकू येते. ते वाक्य पियानोला उत्तर देण्याच्या आविर्भावात नसते. ते आधीपासून चाललेलेच होते. पियानो थांबल्यामुळे ते आपल्या लक्षात आले, एवढेच.

या तबकडीतील सर्वाधिक गाजलेली रचना म्हणजे सुमारे आठ मिनिटांची 'पॉइन्सियाना'. येथे फोर्निये एका हातात मऊ टोकाची काठी घेऊन खालच्या ड्रमवर आणि दुसऱ्या हाताने झांजेवर असा ताल धरतो की, ऐकणाऱ्याला दोन वादक असल्याचा भास व्हावा. त्याच्या या वादनावर त्याच्या जन्मगावाच्या, न्यू ऑर्लिन्सच्या, रस्त्यावरील मिरवणुकांच्या ढोलवादनाची छाया आहे. या तालाला जोडून क्रॉस्बी एक लहानशी आकृती पुनःपुन्हा वाजवितो. मघाशी उल्लेखिलेल्या लेहऱ्याशी तिचे साम्य येथे स्पष्ट होते. ही आकृती इतकी साधी आहे की, ती वाजविण्यासाठी फार मोठ्या कौशल्याची आवश्यकता नाही असे वाटावे. तथापि ती आठ मिनिटे वाजविणे, प्रत्येक वेळी तिचे वजन तेच ठेवणे, रचनेच्या मधल्या भागात स्वरसंघ बदलतात तेव्हा तिला न तोडता वाकविणे आणि पुन्हा मूळ जागी आणणे हे केवळ बोटांचे काम नाही. पुनरावृत्तीत कंटाळा येऊ न देणे ही वादनातील सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक होय.

मौनाचे श्रेय कोणाचे?

जमालच्या शैलीविषयी लिहिणारा बहुतेक प्रत्येक समीक्षक विरामांचा उल्लेख करतो. पियानोवादक जे वाजवीत नाही त्यात त्याची प्रतिभा आहे, असे सांगितले जाते. हे निरीक्षण योग्य असले तरी अर्धे आहे. एकट्या पियानोवादकाने चार बार हात उचलले तर संगीत थांबते. त्रयीत त्याने हात उचलले आणि बास नेहमीप्रमाणे चार मात्रा चालत राहिला, तर एकल वादक विश्रांती घेत आहे असे वाटते. पर्शिंगमध्ये या दोन्हींपैकी काहीच घडत नाही. जमाल थांबतो तेव्हा रचना पुढे जात असल्याची जाणीव कायम राहते, कारण बासच्या ओळीला स्वतःची सुरावट आहे. ती ओळ मागे राहूनही पूर्ण आहे.

याचा अर्थ असा की, ज्याला आपण पियानोचे मौन म्हणतो ते वास्तविक बासचे भाषण असते. ते इतक्या खालच्या आवाजात असते की, त्यालाच आपण शांतता समजतो. क्रॉस्बीने त्या जागांत अधिक स्वर भरले असते तर विराम नाहीसे झाले असते. केवळ मात्रा मोजल्या असत्या तर ते पोकळ वाटले असते. या दोन टोकांच्या मधील नेमके प्रमाण राखणे हे त्याचे कार्य होते.

हे प्रमाण ओळखण्यासाठी तीन बाबींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली बाब स्वराची लांबी. त्या काळी बहुतेक बासवादक आतड्याच्या तारा वापरीत. पोलादी तारांच्या तुलनेत त्यांचा नाद गोल असतो आणि लवकर विरतो. त्यामुळे स्वर कोठे संपतो हे कोठे सुरू होतो इतकेच महत्त्वाचे ठरते. दुसरी बाब मात्रेवरील स्थान. ड्रमच्या आघाताच्या किंचित आधी, नेमके त्याच्यावर किंवा किंचित नंतर स्वर ठेवल्याने संपूर्ण त्रयीची गती हलकी अथवा जड भासते. तिसरी बाब बदलाचा क्षण. आकृती किती काळ ठेवावी आणि केव्हा सोडावी, हा निर्णय बासवादकाच्या विवेकाची सर्वांत स्पष्ट खूण असतो. या तिन्ही बाबी वेग, उंची किंवा स्वरसंख्या यांच्या मोजपट्टीत बसत नाहीत. म्हणूनच त्या समीक्षेतून निसटतात.

संयम : असमर्थता की निवड?

येथे एक प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. क्रॉस्बी कमी वाजवीत होता, कारण त्याला अधिक येत नव्हते, असे तर नव्हे? त्याचे पूर्वायुष्य या शंकेचे निरसन करते. १९१९ मध्ये शिकागो येथे जन्मलेल्या क्रॉस्बीने १९३५ मध्ये, वयाच्या अवघ्या १६ व्या वर्षी, जीन क्रुपाच्या वाद्यवृंदासमवेत 'ब्लूज ऑफ इस्रायल' ध्वनिमुद्रित केले. बासला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या आरंभीच्या जॅझ ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते. ब्लँटन एलिंग्टनकडे येण्यापूर्वीची ही घटना आहे. पुढे क्रॉस्बीने फ्लेचर हेंडरसनच्या वृंदातही काम केले. म्हणजेच बासच्या मुक्तीचा जो इतिहास आपण सांगतो, त्याच्या आरंभाच्या पानावर हा वादक उभा आहे. पर्शिंगमधील क्रॉस्बी वयाची ३९ वर्षे पूर्ण करीत होता. एकल वादनाकडून साथीकडे झालेला त्याचा प्रवास ही अधोगती नसून निवड होती, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू लाफारोच्या संदर्भात तपासता येते. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये एव्हान्स, लाफारो आणि पॉल मोशन यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, ६ जुलै रोजी, मोटार अपघातात लाफारोचा मृत्यू झाला; तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याच्या 'ग्लोरियाज स्टेप' या रचनेत बास पियानोच्या वाक्यांना छेद देतो, त्यांच्या वर चढतो, स्वतंत्र विचार मांडतो. बासच्या मुक्तीचे उदाहरण म्हणून ही रचना सांगितली जाते आणि ते योग्यच आहे.

परंतु त्याच दिवशीच्या 'माय फूलिश हार्ट'कडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या तबकडीचा प्रारंभ या रचनेने होतो. येथे लाफारो एकल वादन करीत नाही. तो बहुतांशी खालच्या पट्टीतील दीर्घ स्वर ठेवतो आणि त्यांना विरू देतो. मोशनचे ब्रश आणि झांजा यांची हलकी सळसळ, पियानोचे अत्यंत संथ स्वरसंघ आणि तळाशी हे थोडे स्वर, एवढ्या सामग्रीवर ती रचना उभी आहे. ज्या वादकाला सर्व काही वाजविता येते त्याने एवढेच वाजविणे, हा त्या दिवसाचा एक महत्त्वाचा सांगीतिक निर्णय होता. मुक्तीचा प्रतिनिधी मानल्या गेलेल्या वादकाकडेही संयमाची हीच जाण होती, हे ध्यानात घेतले म्हणजे 'संयमी' आणि 'मुक्त' अशी बासवादकांची विभागणी टिकत नाही. मुक्तीमध्ये न वाजविण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत असते.

एक आक्षेप आणि त्याची मर्यादा

संयमाच्या या प्रशंसेवर एक गंभीर आक्षेप घेता येईल. साथीदाराने आपल्या जागी राहावे, हा विचार कलाक्षेत्रात आणि कलाक्षेत्राबाहेरही अनेकदा अन्यायाला झाकण्यासाठी वापरला गेला आहे. आपल्याकडेही मैफलीच्या जाहिरातीत साथीदारांची नावे लहान अक्षरांत छापण्याची प्रथा दीर्घकाळ होती. अशा स्थितीत मागे राहण्याचे कौतुक करणे म्हणजे गौणत्वाची भलामण करणे ठरणार नाही काय?

हा आक्षेप नाकारता येत नाही. त्यामुळे प्रत्येक शांत बासवादन संयमी असते असे मानता कामा नये. एरोल गार्नरच्या 'कॉन्सर्ट बाय द सी' या १९५५ मधील, कार्मेल येथील प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाचे उदाहरण यासंदर्भात उद्बोधक आहे. एडी कॅल्हून बासवर आणि डेन्झिल बेस्ट ड्रम्सवर आहेत, परंतु ध्वनिमुद्रणाच्या मर्यादेमुळे ते अस्पष्टच ऐकू येतात. शिवाय गार्नरचा डावा हात स्वतःच मात्रा धरून चालतो. त्यामुळे या त्रयीच्या रचनेतच बासला निर्णयाची जागा कमी आहे. येथील शांतता बासवादकाने निवडलेली नाही. ती त्याच्या वाट्याला आलेली आहे. गार्नरच्या वादनाची थोरवी यामुळे कमी होत नाही. मात्र वाट्याला आलेली शांतता आणि निवडलेला संयम यांत भेद करणे समीक्षकाचे कर्तव्य आहे.

हा भेद करण्याची एक व्यावहारिक कसोटी सुचविता येईल. ऐकताना बासची ओळ मनातल्या मनात वगळून पाहावी. ती वगळल्यावर केवळ नाद पातळ होत असेल, तर बासचे कार्य भरणीचे आहे. पियानोच्या वाक्यांचा अर्थच बदलत असेल, तर तेथे सहनिर्मिती आहे आणि त्या वादकाला सहनिर्मात्याचे श्रेय देणे आवश्यक आहे. संयमाचे कौतुक श्रेयाच्या मागणीसह आले, तरच ते गौणत्वाची भलामण ठरत नाही.

शिअरिंगसमवेतचे अखेरचे ध्वनिमुद्रण

वरील प्रतिपादनाची पडताळणी करण्याची एक संधी इतिहासाने उपलब्ध करून दिली आहे. १९६२ मध्ये जमालची त्रयी विसर्जित झाली आणि क्रॉस्बी व फोर्निये हे दोघेही जॉर्ज शिअरिंगकडे गेले. त्याच वर्षी जूनमध्ये या तिघांनी 'जॅझ मोमेंट्स' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. पियानोवादक बदलला, बास आणि ड्रम्स तेच राहिले. शिअरिंगची ख्याती दोन्ही हातांनी एकत्र वाजविलेल्या दाट स्वरसंघांसाठी होती. त्याची प्रकृती जमालच्या विरळ शैलीहून भिन्न. तरीही या ध्वनिमुद्रणात त्रयीला एक ऐसपैस, न घाईची चाल प्राप्त झालेली जाणवते आणि बासची ओळ येथेही स्वतःच्या वाक्यांत बोलते. जी प्रशस्तता आपण केवळ जमालची समजत होतो, तिचा काही अंश क्रॉस्बी आणि फोर्निये आपल्याबरोबर घेऊन आले होते, असा निष्कर्ष यातून काढणे अवास्तव ठरू नये.

११ ऑगस्ट १९६२ रोजी, या ध्वनिमुद्रणानंतर दोन महिन्यांच्या आत, वयाच्या ४३ व्या वर्षी क्रॉस्बीचे निधन झाले. लाफारोच्या अकाली मृत्यूने त्याच्याभोवती एक आख्यायिका निर्माण झाली. क्रॉस्बीच्या बाबतीत तसे घडले नाही. जमाल यांना मात्र २०२३ पर्यंतचे दीर्घायुष्य लाभले आणि पर्शिंगची तबकडी त्यांच्याच नावाने ओळखली जात राहिली.

श्रवणाची साधने आणि अध्यापन

या विषयाला एक अध्यापनविषयक बाजूही आहे. डबल बासच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ नाद सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. भ्रमणध्वनीचा किंवा लॅपटॉपचा लहान ध्वनिक्षेपक हा नाद पुनरुत्पादित करू शकत नाही; आपल्या कानावर त्याचे वरचे अंशस्वर तेवढे पडतात. प्रस्तुत लेखकाने 'पॉइन्सियाना' अशाच साधनावर प्रथम ऐकले, तेव्हा ते पियानो आणि ड्रम्सचे संगीत वाटले होते. साध्या श्रवणयंत्रांची जोडी कानाला लावल्यावर त्याच रचनेत तिसरा माणूस प्रकट झाला. आस्वादाच्या वर्गात हे ध्वनिमुद्रण ऐकविताना योग्य साधनाची निवड ही गौण बाब मानता येत नाही.

याशिवाय एकच रचना तीन वेळा ऐकविण्याची पद्धत उपयुक्त ठरते. प्रथम विद्यार्थ्यांनी मनाप्रमाणे ऐकावे. दुसऱ्या वेळी केवळ बासची ओळ अनुसरावी आणि शक्य झाल्यास ती गुणगुणावी. तिसऱ्या वेळी पुन्हा पियानोकडे वळावे. तिसऱ्या श्रवणात पियानो वेगळा ऐकू येतो, असा अनुभव येतो. साथ म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा या अनुभवातून अधिक नेमकेपणाने समजते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. बासच्या इतिहासाची 'साथीकडून मुक्तीकडे' ही एकरेषीय मांडणी क्रॉस्बीच्या आयुष्यक्रमाला लागू पडत नाही आणि लाफारोच्या सर्व वादनालाही लागू पडत नाही. संयम म्हणजे स्वरांची अल्पता नव्हे. लांबी, स्थान आणि बदलाचा क्षण यांविषयी घेतलेल्या निर्णयांची ती शिस्त आहे. पर्शिंगमधील ज्या मोकळ्या जागेने जमालची कीर्ती झाली, ती दोघांनी, किंबहुना फोर्नियेसह तिघांनी मिळून निर्माण केली होती.

समीक्षा ज्याला मोजू शकते त्याचेच मूल्य मानू लागते, ही तिची जुनी दुर्बलता आहे. जे कान देऊन ऐकल्याशिवाय हाती लागत नाही, त्याची नोंद ठेवणे हे म्हणूनच तिचे पहिले काम असावयास हवे. पर्शिंगच्या त्या ध्वनिमुद्रणात जमालचे हात उचललेले असतात, तेव्हा कोण वाजवीत आहे, एवढा प्रश्न जरी श्रोत्याने स्वतःला विचारला, तरी या कामाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.